कानाशी धरलेला फोक

बाळ रडत होतं आणि सासूबाई विणत होत्या.

सून हात न पुसताच ओट्यापासून निघाली. अंगण ओलांडून शेडच्या दारात पोचेपर्यंत रडणं चिरकत गेलं होतं. शेडमध्ये शेगडी पेटलेली होती आणि ओल्या सालींचा कडवट वास कोंदला होता. सासूबाई खिडकीकडे तोंड करून बुटक्या बाकावर बसल्या होत्या. गुडघ्यांत अर्धी विणलेली टोपली, ओठांत दाभण. त्यांच्या पाठीमागे, हात मागे नेला तर लागेल इतक्या जवळ, सतरंजीवर बाळ लालबुंद होऊन हातपाय झाडत होतं. त्याच्या मुठीत सालीचा एक तुकडा होता, लाळेनं चिकट झालेला.

"आई!"

सासूबाईंच्या बोटांनी एक लवचिक फोक आत घेतला, एक बाहेर काढला.

"अहो आई!"

सुनेची सावली टोपलीवर पडली तेव्हा त्या वळल्या. त्यांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग तिच्या नजरेमागोमाग खाली.

"अगं बाई! आत्ता तर झोपला होता की गुलाम! उठला की आधी तोंड वासायचं. अगदी बापावर गेलाय."

सुनेनं बाळाला उचललं, बोट घालून त्याचं तोंड साफ केलं. सालीचा धागा निघाला.

"साल आहे ती, विष नाही," सासूबाई म्हणाल्या. "कडूनं कोणी मरत नाही. आमच्या वेळी ताप उतरायला हीच उकळून देत."

मोठ्यांना देत असतील. सून औषधांच्या दुकानात कामाला होती आणि असल्या गोष्टी तान्ह्या मुलांना का द्यायच्या नसतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण तिच्या मनात पाल चुकचुकली होती ती सालीवरून नव्हे. इतक्या जवळ इतका वेळ पोर रडतंय, आणि बाईनं मान वळवू नये?

सोमवारी तिची रजा संपत होती. सोमवारपासून बाळ दिवसभर इथेच राहणार होतं, ह्या शेडमध्ये, ह्या पाठीमागे.

*

गावात सासूबाईंना सगळे वाळुंजवाली म्हणत. घराच्या मागे जमीन उतरत उतरत नदीला मिळत होती आणि त्या उतारावर, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी, वाळुंजं उभी होती. लांबून बघणाऱ्याला सगळी एकसारखीच. लग्न होऊन आली तेव्हा सुनेलाही तसंच वाटलं होतं. मग सासूबाईंनी तिला काठाकाठानं फिरवून एकेकीची ओळख करून दिली, नात्यातल्या बायकांची करून द्यावी तशी.

ही तांबडी. बारीक, लवचिक, विणकामाला हिच्यासारखी दुसरी नाही. बोटाला अंगठीसारखी गुंडाळ, तक्रार करणार नाही. ही लांबपानी, मोठ्या टोपल्यांची. ही मांजरी, फांदीवर मांजराच्या पिलाच्या कानासारखे मऊ गोंडे येतात. दिसायला गोड, कामाला शून्य. ती बुटकी, उंच होतच नाही, जमिनीवर पसरते, पण काठाची माती तीच धरून ठेवते. ती कोपऱ्यावरची रडकी. केस मोकळे सोडून पाण्यात बघत बसते, लोक तिच्याखाली फोटो काढतात. ही पिवळी, घरातली कर्ती बाई. टोपलीचा सांगाडा हिचा, कडी हिची. सगळा भार हिच्यावर.

"आणि ही?" सुनेनं ओढ्याच्या तोंडाशी वाढलेल्या एका आडदांड झाडाकडे बोट केलं होतं.

"ती मोडकी. तिला कोणी लावलेली नाही."

मोडकी आपली आपण येते. वाऱ्यानं तिची डहाळी सांध्यापाशी कट्‌कन तुटते, पाण्यात पडते, वाहत जाते आणि जिथे चिखलात अडकेल तिथे मुळं धरते. तोडून टाकली की दुप्पट होते. पण सासूबाईंची खरी तक्रार वेगळीच होती. वाळुंजांना सोयरीक कळत नाही, त्या म्हणत. कुणाचा पराग कुणावर, काही धरबंध नाही. मोडकीची आणि पिवळीची जवळीक झाली आणि त्यांची पोरं आता पिवळीच्याच रांगेत, पिवळीचाच रंग घेऊन उभी होती. हिवाळ्यात पानं गळाली की कुणाची लेक कुणाची, ब्रह्मदेवाला सांगता येणार नाही. मोडकीची लेक कापली, भिजवली, वाकवली, तरी ओली असेपर्यंत मुकाट वाकते. घरात उबेला राहून वाळली की एक दिवस खडूसारखी मोडते.

"मग ओळखायची कशी?"

तेव्हा सासूबाईंनी एक फोक घेऊन कानाशी धरला होता आणि तानपुऱ्याची तार जुळवणाऱ्या माणसासारखे डोळे मिटून हळूच वाकवला होता. मग तो सुनेच्या कानाशी धरला. "ऐक." सुनेला काहीच ऐकू आलं नाही. मग दुसरा. ह्यात, वाकण्याच्या अगदी शेवटी, बारीकसं 'टिक्' झालं. उवा मारताना नखाखाली होतं तेवढंच.

"ही सवतीची," म्हणून सासूबाईंनी तो फोक शेगडीजवळच्या सरपणात फेकला होता. "डोळे फसवतात, हात फसवतात. फोक वाकताना खरं बोलतो. आपण ऐकून घ्यायचं."

नवरा हसत म्हणाला होता, "आईचे कान म्हणजे काय! लहानपणी मी शेजारच्या खोलीत गोळी तोंडात टाकली तरी तिला कळायचं, आणि तीही कुठल्या रंगाची."

*

शुक्रवारी दुकानवाली आली. बाजारपेठेत तिचं घरगुती वस्तूंचं दुकान होतं आणि सासूबाईंचा सगळा माल तीच घेई. बाहेर बोचरा वारा होता. नाकावरून घट्ट गुंडाळलेला मफलर तिनं आत आल्यावरही सोडला नाही.

"मावशी, हे बघा काय झालं," म्हणत तिनं पिशवीतून एक टोपली काढली. कडी मधोमध मोडली होती. "बटाटे होते हो आत, नशीब! जिन्यावरून सगळे बटाटे घरंगळत खाली. ती बाई म्हणाली, वाळुंजवालीची टोपली कधी मोडत नाही म्हणून तर घेतली होती."

सासूबाई मफलरकडे बघत राहिल्या.

"कितीचं वजन घातलं असेल, मी तिला विचारलं. म्हणाली, नेहमीचंच. मावशी, फोक जुने होते का?"

"हो ना," सासूबाई म्हणाल्या. "यंदा थंडी लवकरच पडली."

दुकानवालीनं सुनेकडे पाहून डोळे फिरवले. "मी काय विचारते, ह्या काय सांगतायत! मावशींना आपल्या सोयीचं तेवढंच ऐकू येतं, कळलं का सूनबाई? माझ्या नवऱ्याला हीच कला अवगत आहे."

सून हसली नाही. तिनं टोपली हातात घेतली होती. जुनी वाळुंज मोडली तर तिचे तंतू निघतात, दोरासारखी उसवते ती. ही उसवली नव्हती. साफ, सपाट, खडू मोडावा तशी मोडली होती.

सासूबाईंनी टोपली तिच्या हातातून काढून घेतली. मोडलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. फक्त तोंडातली नवी कवळी जिभेनं पुढे लोटून पुन्हा जागेवर बसवली. ही सवय त्यांना कवळी आल्यापासूनच लागली होती.

"बदलून देते कडी," त्या म्हणाल्या.

"द्या. आणि बाळांच्या टोपल्या असतील तर त्याही द्या. आधीच्या सगळ्या गेल्या. आजकाल तान्ह्याला टोपलीत घालून इकडून तिकडे न्यायची मोठी हौस आलीय पोरींना."

सुनेला डोळ्यांसमोर दिसलं: जिना, घरंगळत जाणारे बटाटे, आणि एक हात, मोडकी कडी धरून वरच्या पायरीवर तसाच राहिलेला.

दुकानवाली गेल्यावर सासूबाई हौदात भिजत घातलेले फोक उलटेपालटे करायला बाहेर गेल्या. सून बाकापाशी बसली. निवडून ठेवलेल्या पिवळ्या फोकांची मोळी भिंतीशी उभी होती. तिनं एक उपसला, कानाशी धरला, वाकवला. काही नाही. दुसरा. काही नाही. तिसऱ्यात टिक्. तिला वाटलं, शेगडीत काही तडकलं असेल. पुन्हा वाकवला. टिक्. मग ती एकामागून एक फोक घेत गेली. निवडलेल्या मोळीत, पारखून ठेवलेल्या मोळीत, सवतीची पोरं खुशाल बसली होती.

मान वर केली तेव्हा तिला भिंतीवर टांगलेलं ताट दिसलं. चकचकीत, रिकामं, खिडकीशेजारच्या खिळ्याला अडकवलेलं. ते रोज तिथेच असे. शोभेला असेल, असं तिला वाटे. आज ती सासूबाईंच्या जागेवर बसली होती म्हणून तिला समजलं. त्या ताटात मागचं दार दिसत होतं. उंबऱ्यावर कोण उभं आहे, कोण आत येतंय, सगळं दिसत होतं. फक्त जमिनीवरची सतरंजी तेवढी दिसत नव्हती.

*

नवरा बस चालवायचा. संध्याकाळी तो आला, बूट काढता काढता त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग मोठ्यानं हसला.

"आईला ऐकू येत नाही? माझ्या आईला?"

"हसू नका. परवा बाळ रडत होतं..."

"तू ना, ताकही फुंकून पितेस. सोमवार जवळ आला म्हणून तुझं हे सगळं चाललंय. बाळाला सोडून जायला जीव होत नाही, म्हणून आईत खोट शोधतेयस."

हे तिला लागलं, कारण ते अर्धं खरं होतं. दुकानात काउंटरमागे उभं राहण्याच्या कल्पनेनं तिला रडू येत होतं, हे खरंच होतं.

"तुम्हीच जाऊन बघा ना. मागून हाक मारा."

तो उठला, अंगण ओलांडून शेडच्या दारात उभा राहिला. सून अंगणातच थांबली, तिथून तिला दोघं दिसत होती. "आई, जेवायला चल," तो म्हणाला, मुद्दाम हळू आवाजात. सासूबाईंनी मान वर केली, भिंतीकडे पाहिलं आणि न वळताच म्हणाल्या, "आले रे. एवढी ओळ संपवते."

तो परत आला तो विजयी मुद्रेनं. "झालं समाधान?"

"ताट..." ती म्हणाली.

"वाढ की मग."

 आपण बोललो तर वेडगळ ठरू, असं तिला वाटलं. सासू आपल्या शेडमध्ये ताटात बघून ऐकते, हे कुणाला सांगणार? जेवताना ती सासूबाईंकडे बघत राहिली. त्या हसत होत्या, मान हलवत होत्या. मुलगा बोलला की त्याच्या ओठांकडे बघत होत्या, आणि तो घास घेऊन बोलू लागला की आपल्या पुढ्यातल्या ताटाकडे.

"आई, दात बसले ना आता नीट?" त्यानं तोंडातला घास गिळून विचारलं.

"बसले."

"बघ!" तो सुनेला म्हणाला. "ऐकत नव्हती. नुसती साल चघळत बसायची दुखण्यावर. जो फोक बघावा त्याला दाताच्या खुणा. शेवटी धरून नेलं डॉक्टरकडे आणि म्हटलं, उरलेले सगळे काढा, रोजची कटकट नको. आता कशी छान दिसते की नाही?"

सासूबाई हसल्या. कवळीचे दात एकसारखे, पांढरेशुभ्र, रांगेत लावलेल्या नव्या रोपांसारखे दिसले.

*

रविवारी सकाळी नातवाची टोपली तयार झाली. तांबडीची वीण, पिवळीचा सांगाडा, पिवळीची कडी, कडीवर पुन्हा तांबडीची वेणी. देखणी होती. सुनेला ती बघवत नव्हती.

ह्या घरात बाळाच्या टोपलीत बाळ कधी पहिल्यांदा बसत नसे. पहिला मान दगडाचा. नदीतून आणलेला, घासून गुळगुळीत झालेला, धष्टपुष्ट बाळाच्या वजनाचा एक दगड शेडच्या दाराशी पडलेला असे. विकायची असो की घरची, प्रत्येक टोपलीत तो दगड ठेवून सासूबाई अंगणाला एक फेरी मारत, टोपली झुलवत, मुद्दाम हिसके देत. नवरा त्या दगडाला दादा म्हणायचा. "आमचा थोरला. जेवायला मागत नाही, शाळेत नापास होत नाही. आईचा लाडका."

दादाची फेरी झाली. कडी हूं की चूं करेना.

"दे आता धाकट्याला," सासूबाईंनी हात पुढे केले.

सुनेनं बाळाला आणखी घट्ट धरलं.

"दे ना गं. काय झालं?"

"नको."

"काय?"

"नको म्हणते मी!"

नवऱ्याच्या कपाळाला आठी पडली. "हे काय चालवलंयस? आईनं इतके दिवस खपून..."

सुनेनं बाळाला त्याच्या हातात दिलं. ती शेडमध्ये गेली आणि भिंतीशी उभी असलेली निवडलेली मोळी उचलून बाहेर घेऊन आली. एक फोक काढून तिनं नवऱ्याच्या कानाशी वाकवला. दुसरा. तिसरा. टिक्.

"ऐकलंत?"

त्यानं फोकाकडे पाहिलं. कितीही झालं तरी तो ह्याच शेडमध्ये वाढला होता. तो आवाज काय सांगतो हे त्याला कुणी समजावायला नको होतं.

"ही आईंनी निवडलेली मोळी आहे. आता मागे जाऊन खाली बसा आणि हाक मारा. सावली पडू देऊ नका."

तो बाळाला घेऊन आईच्या मागे गेला, उकिडवा बसला. "आई," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "आई." मग त्यानं असा आवाज काढला की कुंपणावरचे पक्षी उडाले आणि बाळ दचकून रडू लागलं.

सासूबाई टोपलीची कडी पुसत होत्या. पक्षी उडालेले दिसले तेव्हा त्यांनी वर पाहिलं. मग सुनेच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ते डोळे जिथे बघत होते तिकडे वळल्या. जमिनीवर उकिडवा बसलेला मुलगा, तोंड उघडं राहिलेला, आणि त्याच्या हातात रडणारा नातू.

टोपली त्यांनी खाली ठेवली. मग सासूबाईंनी तोंडात बोट घातलं, कवळी काढली, पदराला पुसली आणि दगडावर ठेवली. दात नसलेलं त्यांचं तोंड एकदम आत गेलं. गालांच्या जागी दोन खळगे राहिले.

"हे दात जेवतात," त्या म्हणाल्या. शब्द ओले, पसरट येत होते. "ऐकत नाहीत."

"म्हणजे?" मुलगा म्हणाला. पण त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या.

सुनेला एकदम मोळीच्या खालच्या टोकांची आठवण झाली. जुन्या, वाळलेल्या मोळ्यांची. दाताच्या खुणा. प्रत्येक फोकाला, एकाच जागी, दोनच दात रुतलेले. चघळलेलं असं नसतं.

तिनं समोरचा एक फोक उचलला, त्याचं टोक दातांत धरलं आणि दुसरं टोक वाकवलं.

टिक्. कानात नव्हे. कवटीच्या आत, डोळ्यांच्या मागे, कुणीतरी नख वाजवल्यासारखं.

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी हळूच मान हलवली.

"कान केव्हाचे गेले. दातांनी भागत होतं."

"तू सांगितलं नाहीस!" मुलगा पुढे आला होता. "दात दुखतात म्हणून तर मी..."

"दुखतात असं मी कधी म्हटलं?"

"चघळत बसायचीस की दिवसभर!"

"चघळत नव्हते रे, बाळा. ऐकत होते."

मुलानं तोंड फिरवलं. बाळ त्याच्या खांद्यावर हुंदके देत होतं आणि तो त्याची पाठ थोपटत होता, गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" सासूबाई म्हणाल्या. "शेडला कुलूप. आणि मला आत नेऊन बसवलं असतंस टीव्हीसमोर. आराम कर म्हणून. मला काय टीव्ही ऐकू येणार होता?"

सुनेला हसू आलं. तिनं टोपलीकडे बोट केलं. सासूबाईंच्या समोर येऊन, ओठ नीट हलवत विचारलं, "आणि ही? ह्यात तुम्ही आमच्या बाळाला..."

"ही?" सासूबाईंच्या चेहऱ्यावर खरोखरच आश्चर्य उमटलं. "ह्याच्यासाठी मी असले फोक वापरीन?"

त्यांनी टोपली उलटी केली, सुनेचं बोट धरलं आणि तळाशी, जिथे कडीचं टोक विणीत खोचलेलं असतं तिथे ठेवलं. दोन बारीक खळगे लागले. दुसऱ्या टोकाला दोन. सांगाड्याच्या प्रत्येक काडीला दोन.

"दात होते तेव्हाची मोळी आहे ही. तुला दिवस गेले कळलं तेव्हाच ऐकून बाजूला काढून ठेवली होती. माळ्यावर. पुन्हा भिजवून घेतली. ही तुझ्या नातवंडांनाही पुरेल."

सुनेनं त्या खळग्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. तिनं मोठा श्वास सोडला. बाळ सुरक्षित होतं. तिचं बाळ सुरक्षित होतं. तो सुटकेचा श्वास अंगभर पसरला, आणि पसरता पसरता मध्येच कुठेतरी अडकला.

"आई," तिनं विचारलं, "मग दुकानात गेलेल्या?"

सासूबाईंनी तिचे ओठ वाचले. वाचले हे तिला दिसलं. मग त्या वाकल्या आणि टोपलीतून एक न दिसणारी काडी काढून टाकली.

"सगळ्यांनी दगड उचलला होता," त्या म्हणाल्या.

"ओल्या होत्या तेव्हा," सून म्हणाली.

सासूबाई टोपलीवर वाकलेल्याच होत्या. त्यांनी वरच पाहिलं नव्हतं.

*

दुकानवालीला फोन केला. ती आधी चिडली, मग घाबरली, मग कामाला लागली. बाजारपेठेतलं प्रत्येक घर तिच्या ओळखीचं होतं. दुपारपर्यंत तिनं निरोप पाठवले, कुणाच्या दारात स्वतः गेली. संध्याकाळच्या आत नवरा त्या टोपल्या घेऊन आला आणि अंगणात त्यांचा ढीग केला. एकीत अजून बाळाचा वास होता, दुधाचा आणि पावडरचा. सासूबाईंनी प्रत्येकीची कडी हातात घेऊन पाहिली आणि स्वतःच्या हातानं कोयत्यानं तोडली. दोन कड्यांनी कोयता लागायचीही वाट पाहिली नाही.

"एक राहिली," नवरा म्हणाला. तो पायरीवर बसला होता, चपलेच्या टोकानं माती उकरत. "ती घेणारी दुकानाच्या ओळखीची नव्हती. वाटेवरची गिऱ्हाईक. दिवस भरत आलेली बाई होती."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्याच बसमध्ये चढली होती. टोपली मीच वर ठेवून दिली तिची." त्यानं आईकडे पाहिलं नाही. "म्हटलं, माझ्या आईच्या हातची आहे. डोळे झाकून वापरा."

"उतरली कुठे?"

"शेवटच्या थांब्यावर. तिथून पुढे गाड्या दहा दिशांना जातात."

दुकानवालीनं सांगितलं होतं की ती चौकशी करतेय, थांब्यावरच्या लोकांना विचारतेय, काही कळलं की फोन करेल. नवऱ्यानंही डेपोत सगळ्या ड्रायव्हरांच्या कानावर घातलं होतं. ह्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. आता ती बाई बाळंत झाली असेल, सून मनात म्हणायची. बाळाला टोपलीत घालत असेल. शेगडीजवळ ठेवत असेल, उबेला. आणि कडी रोज थोडी थोडी वाळत असेल.

*

सोमवारी ती कामावर गेली नाही. काही दिवस येत नाही, असं तिनं दुकानात कळवलं. मालक म्हणाले, काही दिवस म्हणजे किती, आणि तिला सांगता आलं नाही.

ती शेडमध्ये बसू लागली. ताट खिळ्यावरून काढून स्वयंपाकघरात गेलं. सासूबाईंचं बाक वळवलं, आता दोघी समोरासमोर बसत आणि बाळ मधे, त्याच्या टोपलीत. सासूबाईंनी कवळी पुन्हा लावली नाही, जेवणापुरती सोडून. त्या विणत. सून मोळीतून एकेक फोक काढून कानाशी धरी, वाकवी, आणि चांगला असला की त्यांच्या हातात देई. नसला तर सरपणात टाकी. तिचे कान दिवसेंदिवस तीक्ष्ण होत चालले होते. आता तिला टिक् होण्याआधीचंही काहीतरी ऐकू येई, फोक मनाशी ठरवत असावा तसं. शेगडीत मोडकीची पोरं तडतडत. तेही तिला एकटीलाच ऐकू येई.

सासूबाई फोकाकडे बघत नसत. त्या तिच्या चेहऱ्याकडे बघत. पारखणं आता तिथे होत होतं. तिची पापणी जराशी हलली की त्या समजत आणि हात मागे घेत.

"आमच्या सासूनं मला शिकवलं तेव्हा ती माझ्या कानाला मारायची," एकदा त्या म्हणाल्या. "चुकलं की टपली. म्हणून गेले की काय कोण जाणे!" आणि दात नसलेल्या तोंडानं हसल्या.

सून हसली. बाळही हसलं, उगाच, दोघींकडे बघून.

तिनं नवा फोक घेतला. पिवळा, सरळ, निर्दोष. कानाशी धरला आणि वाकवू लागली. अर्धा वाकला असेल तोच घरात फोन वाजायला लागला.

तिचा हात तसाच थांबला. फोन वाजत राहिला. अंगणापलीकडे, बंद दारामागे, दमानं, एकसारखा. दुकानवाली असेल. दुसरंही कुणी असेल. मालक असतील. उठायला हवं होतं. तिनं बाळाकडे पाहिलं, त्याच्या टोपलीच्या कडीकडे पाहिलं, आणि तिला उठता येईना.

सासूबाईंनी विणता विणता वर पाहिलं. सुनेच्या चेहऱ्यावर त्यांची नजर खिळली. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली.

"मोडकी ना?" त्या म्हणाल्या. "मला वाटलंच."

आणि पुढे वाकून त्यांनी तो चांगला फोक तिच्या कानाजवळून हळूच काढून घेतला आणि शेगडीत सारला.